बाळ्या, पासपोर्ट काढून बघ

पाचपाखाडी, ठाणे
रविवार, दुपार

प्रिय बाळ्या,

दिवाळीनंतर फोन नाही, मेसेज नाही. शिव्या आधीच देऊन घे, म्हणजे पुढचं नीट वाचशील. तब्येत ठीक. साखर आहे तिथेच आहे, डावा गुडघा जिन्यावर बोलतो. बस.

मन्याने आम्हाला बार्सिलोनाला बोलावलंय. पार्क ग्वेलची तिकिटं काढायची म्हणून तारीख आणि वेळ विचारत होता. मी म्हटलं, बागेत जायला कसली रे वेळ, तलावपाळीवर कोणी विचारतं का? तर म्हणे तिथे तिकिटावर वेळ छापलेली असते आणि त्यापुढच्या अर्ध्या तासात आत शिरायचं, नाहीतर बसा बाहेर. माझी समजूत पटावी म्हणून त्याने दोन-तीन व्हिडिओ पाठवले. ते बघितले आणि जेवण तसंच राहिलं. बाळ्या, बाग कसली घेऊन बसलास, ते तर आपण गच्च्यांवर बसवायचो ते चायना मोझेक आहे!

मोठ्या गच्चीच्या कडेने नागमोडी बाक फिरवलाय. तोच बाक, तोच कठडा. आणि सगळा फुटक्या टाइलांचा. निळ्या, पिवळ्या, हिरव्या, मधेच बशीच्या काठाचा एखादा तुकडा. बागेचा आर्किटेक्ट गौदी, त्याच्या हाताखाली जुजोल म्हणून होता, हे काम त्याचं. तिकडे याला त्रेन्कादीस म्हणतात. आपण 'चिपा' म्हणायचो आणि गोणीतून काढताना बोटं कापून घ्यायचो. फरक इतकाच की ते बघायला लोक तिकीट काढतात, आणि तू चरईतल्या त्या गच्चीवर मधोमध निळा मासा काढलास तेव्हा सेक्रेटरी चष्मा पुसून म्हणाले, "अहो, आमची सोसायटी शाकाहारी आहे."

शोभा म्हणते मी गेले पाच दिवस त्या बागेचंच बोलतोय. बोलणारच. मुळात ती बाग नव्हतीच, प्लॉटिंग होतं. ग्वेल हा बडा उद्योगपती. त्याने टेकडी घेतली, 60 प्लॉट पाडायचे ठरवले आणि 1900 साली काम गौदीला दिलं. अट अशी की प्लॉटच्या एक षष्ठांश जागेवरच बांधायचं, आणि शेजाऱ्याचं ऊन, देखावा अडवायचा नाही. घोडबंदर रोडवर कुणाला ही अट ऐकवून बघ, चहा न पाजता बाहेर काढतील. शेवटी घरं झाली दोन. 1914 ला काम थांबलं. नमुन्याचं घर विकलं जाईना, म्हणून 1906 मध्ये गौदी स्वतःच तिथे राहायला गेला होता. सॅम्पल फ्लॅटमध्ये आर्किटेक्ट! ग्वेल गेल्यावर वारसांनी सगळं नगरपालिकेला विकलं, आणि 1926 मध्ये सार्वजनिक बाग झाली. त्याच वर्षी गौदी ट्रामखाली सापडला. कपडे असे, की लोकांना वाटलं कोणी भिकारी आहे. साइटवरून थेट तुझ्या साखरपुड्याला आलो होतो तेव्हा तुझ्या सासऱ्यांनाही माझ्याबद्दल तेच वाटलं होतं.

पण जेवण राहिलं ते यामुळे नाही. त्या गच्चीचा एक भाग डोंगरात आहे, दुसरा 86 खांबांवर उभा आहे. वरून फरशी नाही, पक्कं काहीच नाही. पाऊस पडला की पाणी जमिनीतच मुरतं, गाळून पोकळ खांबांतून खाली उतरतं आणि पोटातल्या टाकीत जातं. टाकी 1200 घनमीटर, म्हणजे 12 लाख लिटर. जास्तीचं पाणी जिन्यावरच्या त्या चिपांच्या पालीच्या तोंडातून बाहेर. पाणी कडेला हाकलायचंच नाही, मधूनच उतरवायचं.

आता तुला कळलं मी कुठे येतोय. "दोन कोपऱ्यांतल्या जाळ्यांना एवढी गच्ची झेपणार नाही, मधल्या डक्टमधून एक पाईप सोडू," हे चरईच्या गच्चीच्या वेळी तू तीन वेळा सांगितलंस. मी म्हटलं, कोटेशन गेलंय, आता खर्च वाढवू नकोस. आणखी एक, जे तुला माहीत नाही. गळती बघायला कोब्यावर, म्हणजे चिपांखालच्या विटा-सिमेंटच्या थरावर, पाणी भरून आठवडाभर ठेवायचं ठरलं होतं. तू गावी गेलास आणि मी तिसऱ्या दिवशी बूच काढलं, पुढच्या साइटवर माणसं हवी होती म्हणून. जुलैत पिंपळाच्या पानांनी जाळ्या तुंबल्या, पाणी कठड्याच्या बुडाशी असलेल्या गोल वाट्याच्या वर चढलं, आणि चौथ्या मजल्यावर बादल्या लागल्या. मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणालं, उतार चुकला असेल. उतार तुझा होता, पाण्याच्या नळीने दोनदा तपासलेला. मला हे माहीत होतं. मी मान हलवली. "हो, उतारच."

पुढल्या वर्षी त्यांनी दुसऱ्याकडून तुझाच तो पाईप बसवून घेतला आणि गळती थांबली. तोवर तू चिपळूणला गेला होतास. नंतर आपण भेटलो, जेवलो, तुझ्या अंगणात पत्ते खेळलो, तू मला मेंढीकोटात रडवलंस. हा विषय तू काढला नाहीस आणि मी तर काढणारच नव्हतो.

चिन्मयचं जमलं का? वहिनींचा मोतीबिंदू झाला असं शोभाकडून कळलं, काळजी घ्या. कलमं यंदा कशी आहेत? सगळं सविस्तर कळव.

शोभा टेकडी चढणार नाही. मन्या म्हणतो, मेट्रोने वालकार्काला उतरलं की रस्त्यातच सरकते जिने आहेत. तिचं उत्तर, "जिने सरकतात, गुडघा सरकत नाही." म्हणजे सकाळचं एक तिकीट उरतं. मी एकटा त्या गच्चीवर उभा राहून काय करू? दुबईला जाताना काढलेला तुझा पासपोर्ट बघ, दहा वर्षं झाली की काय. परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी शिल्लक लागतात. यायचं नसेल तर तसं सांग, पण त्या मीटिंगबद्दल काय ते एकदा बोल. फोनवर नको, फोनवर मी विनोद करायला लागतो.

तुझा,
अऱ्या

ता. क. मासा अजून आहे. काल वॉचमनला टाकी बघायचीय असं सांगून चरईच्या गच्चीवर गेलो. शेपटीवर कोणीतरी डिशचा स्टँड ठोकलाय. माशाच्या डोळ्यापाशी बाटलीतलं पाणी ओतलं. कुठेही न थांबता सरळ कोपऱ्यातल्या जाळीकडे गेलं.