बाबांचा घोटा, आईचा गुडघा आणि रबरी पिशवी

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बोलता बोलता आईने सांगितले की, मागील दारच्या पायरीवर बाबांचा पाय मुरगळला, त्याच रात्री तव्यावर फडके तापवून आणि नंतर रबरी पिशवीने तो चांगला शेकला, तरी सकाळी घोटा आणखी टरटरून सुजला. पुढचे वाक्य तिने जरा घाईतच उरकले. पावलाच्या कडेला बोराएवढा फोड आला आहे, पण दुखत नाही, असे ते वाक्य होते. 'दुखत नाही' म्हणून तुम्ही निश्चिंत झालात आणि मला मात्र त्याच दोन शब्दांनी रात्रभर झोप आली नाही. फोड न फोडता तुम्ही तो लगेच डॉक्टरांना दाखवलात हे फार चांगले केलेत. बाकीचे फोनवर तुटक तुटक सांगण्यापेक्षा लिहून पाठवलेले बरे, म्हणून हे पत्र.

आपल्या घरात शेक हा सगळ्या दुखण्यांवरचा पहिला उपाय. आजीची कापडात गुंडाळलेली वीट, मिठाची पुरचुंडी, निर्गुडीचा पाला हे सगळे मला आठवते आणि त्यातले काहीच वाईट नव्हते. या वेळी फक्त वेळ चुकली. पाय मुरगळतो तेव्हा सांध्याला धरून ठेवणारे अस्थिबंध ताणले जातात, कधी त्यांचे काही तंतू तुटतात, बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि त्यांतून पाझरलेले रक्त व द्रव आजूबाजूला साचून सूज येते. उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणजे जे पाझरणे थांबायला हवे त्यालाच आपण वाट करून देतो. थंडाव्याने त्या आकसतात आणि वेदनेचा निरोप नेणाऱ्या नसाही मंदावतात. म्हणून ताज्या मुक्या माराला आणि मुरगळण्याला पहिले दोन दिवस गार, आणि सूज ओसरून नुसता ताठरपणा उरला की मग ऊब, हा क्रम धरावा. त्या दोन दिवसांत तेल लावून चोळणेही नको. शेजारच्या काकांनी कितीही आग्रह केला तरी नको.

बर्फ थेट कातडीला लावू नये. जुन्या धोतराचा तुकडा ओला करून त्यात बर्फाचे खडे बांधावेत, एका वेळी दहा-पंधरा मिनिटे ठेवावेत आणि पुन्हा लावायचा असल्यास मध्ये दोन तास तरी जाऊ द्यावेत. वितळू लागलेला बर्फ शून्य अंशावर असतो; फ्रीजरमधून नुकतीच काढलेली जेलची पिशवी त्याहून बरीच थंड असते, त्यामुळे तिच्याखाली कापड अधिक जाड हवे. पाय दोन उशांवर, छातीपेक्षा उंच ठेवला की सूज उतरायला मदत होते, आणि हे काम बर्फाशिवायही होते.

बाबा, बर्फाने दुखापत लवकर बरी होते याला पुरावा काय, असे तुम्ही विचारणार हे मला ठाऊक आहे. विश्रांती, बर्फ, दाब आणि उंची या चार गोष्टींचे सूत्र अमेरिकेतील डॉ. गेब मिर्किन यांनी १९७८ साली मांडले आणि ते जगभर पाठ झाले; पण पुढे साडेतीन दशकांनी त्यांनीच असे लिहिले की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांमुळे बरे होण्यास उशीर लागू शकतो, कारण सुरुवातीचा दाह हाही शरीराच्या दुरुस्तीचाच भाग असतो. तेव्हा बर्फ हा दुखणे सुसह्य करण्यापुरता उपाय समजावा, आणि दुखणे फारसे नसेल तर तो लावलाच पाहिजे असे नाही. तसेच महिनाभर पाय न टेकता पडून राहण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी सोसवेल तितके हळूहळू चालणे बरे.

आता ज्या कारणासाठी पत्र लिहायला बसले ते लिहिते. इतक्या वर्षांच्या मधुमेहाने बाबांच्या पावलांची जाणीव मंद झाली आहे. चप्पल पायातून निसटलेली त्यांना कळत नाही, हे आपण हसण्यावारी नेत होतो. ज्या पावलाला चप्पल कळत नाही त्याला चटकाही कळत नाही. साठ अंशांचे पाणी पाच-सहा सेकंदांतही भाजू शकते, आणि पन्नास अंशांच्या आतबाहेरची, एरवी सुखद वाटणारी ऊब काही मिनिटे एकाच जागी राहिली तरी कातडी भाजते; उतारवयात कातडी पातळ झालेली असते, त्यामुळे वेळ आणखी कमी लागतो. 'सोसतंय ना?' असे आईने विचारले आणि बाबांनी 'हो' म्हटले, यात दोघांचीही चूक नव्हती. फक्त ज्याला विचारले त्या पावलाकडे उत्तरच नव्हते. म्हणून यापुढे त्यांच्या पावलांना गरम शेक अजिबात देऊ नये. बर्फाचेही तेच, कारण बधिर पावलाला गारठ्याने झालेली इजाही कळत नाही. त्यांच्यासाठी माठातल्या पाण्यात भिजवलेली फडक्याची घडी पुरे, आणि तीही मधूनमधून उचलून खालची कातडी पाहावी.

आई, तुझ्या गुडघ्याचे निराळे आहे. सकाळी तो आखडतो तेव्हा पंधरा-वीस मिनिटे शेक घ्यायला काहीच हरकत नाही, पाठीत उसण भरली तरी घ्यावा. मात्र पाणी उकळते नको, पिशवी अर्धी-पाऊण भरून आतली हवा दाबून काढावी आणि वर टॉवेल गुंडाळावा. मलम चोळून त्यावर शेक घेण्याची तुझी सवय मात्र सोड, त्याने कातडी भाजते. पिशवी किंवा विजेची शेकपट्टी घेऊन झोपू नये. रोज तासन्‌तास एकाच जागी शेकल्याने कातडीवर जाळीसारखे तपकिरी डाग पडतात. आजीच्या पोटऱ्यांवर होते तसे, शेगडीजवळ बसून पडलेले. आणि गुडघा एखाद्या दिवशी लाल, गरम आणि सुजलेला दिसला तर शेक न देता डॉक्टरांकडे जावे.

पाय पुन्हा मुरगळला आणि चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा घोट्याचे हाड दाबल्यावर कळ येत असेल, तर गार-गरमच्या विचारात न पडता थेट एक्स-रे काढून घ्यावा. पडल्यावर जांघेत दुखले तर उठून चालून पाहण्याचा प्रयोगसुद्धा करू नये.

नवी रबरी पिशवी पार्सलने पाठवली आहे. घरातली पिशवी माझ्या बाळंतपणातली आहे, म्हणजे चौदा वर्षांची. मागच्या खेपेस मी ती घडी करून पाहिली तेव्हा बुचाजवळच्या रबराला केसाएवढ्या चिरा दिसल्या होत्या. आई ती 'असू दे' म्हणून माळ्यावर ठेवील, तेव्हा बाबा, तुम्हीच कात्रीने मधोमध कापून टाका आणि मला फोटो पाठवा. फोडाचाही रोज एक फोटो पाठवावा.

तुमची,
धाकटी