टांगाईलच्या आकाशात आम्हाला उतरवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

हे पत्र उघड्यावर लिहितेय, कारण व्हॉट्सअॅपवर लिहिलं असतं तर तुम्ही अंगठा पाठवून मोकळे झाला असता. शिवाय आणखी काही जणांनी ते वाचावं अशी माझी फार इच्छा आहे. नावं घेत नाही. ज्याचं त्याला कळेल.

रविवारपासून माझं कशात लक्ष नाही. ऐरोलीच्या ऑफिसात मीटिंग चालू असते आणि मी वहीच्या समासात पॅराशूटच्या छत्र्या काढत बसते.

बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. आम्ही काही मंडळी नौपाड्यात माझ्या घरी जमतो आणि मराठीतून टेबलटॉप आरपीजी खेळतो, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेक पात्र व्हायचं आणि फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची. गोष्ट मांडणारी गेममास्टर मी. आमच्या खेळात इतिहास जरा वाकवलेला आहे. खऱ्या जगात जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९६५ च्या सुमारास ‘हार्डिमन’ नावाचं यंत्र करायला घेतलं होतं. माणसाने आत शिरायचं आणि यंत्राने त्याची ताकद कितीतरी पट वाढवायची. वजन सुमारे ६८० किलो. त्याचा एक हात काय तो धड चालला. अख्खं यंत्र सुरू केलं की ते असं थैमान घालायचं, की चालू यंत्रात माणूस शिरवायचं धाडस कुणी केलं नाही. आमच्या जगात मात्र सोव्हिएत इंजिनिअरांनी ते जमवलं, वजन ३०० किलोवर आणलं, आणि ९ ऑगस्ट १९७१ च्या भारत-सोव्हिएत करारापाठोपाठ ही चिलखतं आपल्याकडे आली. ११ डिसेंबरला तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या, आजच्या बांगलादेशातल्या टांगाईलवर २ पॅरा ही छत्रीधारी पलटण उतरते, ती ही चिलखतं घेऊन. २ पॅरा म्हणजे मूळची मराठा पलटण. खऱ्या युद्धात पुंगलीचा पूल ताब्यात घेऊन ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट अडवणारी आणि १६ डिसेंबरला ढाक्यात आधी पोहोचणारी. एवढी आपल्या घरची गोष्ट हाताशी असताना मी दुसऱ्या महायुद्धातल्या नॉर्मंडीत कशाला जाऊ?

सगळं अडलं होतं एका प्रश्नावर. एवढं ओझं अंगावर घेऊन माणूस विमानातून उडी मारणार, तर तो धड उतरणार कसा?

विचारलं नाही असं नाही. ठाण्यातल्याच एका बोर्डगेम कॅफेत गेले, तर ‘ताई, मुलींसाठी आमच्याकडे पार्टी गेम आहेत’ म्हणत पोऱ्याने पत्त्यांचा रंगीत डबा पुढे सरकवला. स्वतःला फार अनुभवी म्हणवणाऱ्या एका गेममास्टरने माझे सगळे कागद मागून घेतले, ‘वाचून सांगतो’ म्हणाला, आणि तेव्हापासून निळ्या टिका आहेत, उत्तर नाही. आणखी एकाचा सल्ला होता, ‘जादू म्हण आणि सोडून दे.’ मराठीतून खेळता यावर दात काढणारे तर धरतच नाही.

आणि मग तुम्ही. ट्रान्स हार्बरच्या गाडीत शेजारी बसलेले, कोपरखैरण्याला उतरणारे. तुम्ही आरपीजी हा शब्दही कधी ऐकला नव्हता. माझ्या वहीतल्या चित्राकडे बराच वेळ बघून एवढंच विचारलंत, ‘ह्यो गडी खाली आल्यावर लोळणार कसा?’

तुमची उमेदीची वर्षं छत्रीधारी जवान म्हणून गेली, हे मला नंतर कळलं. लोळण्याचं महत्त्व तर त्याहून नंतर. छत्री माणसाला सेकंदाला सहाएक मीटरने खाली आणते, म्हणजे सहा फुटी भिंतीवरून उडी टाकल्याइतका धक्का. पाय जुळवून, गुडघे किंचित वाकवून टेकायचं आणि पोटरी, मांडी, कुल्ला, पाठ असं अंग लोळवत तो धक्का वाटून टाकायचा. चिलखताला लोळता येत नाही. त्याच छत्रीला चिलखतासकट माणूस टांगला तर वेग अकराच्या घरात जातो, म्हणजे थेट दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून उडी. छत्री तिप्पट मोठी करावी, तर विमानाचं काय? डाकोटा विमान उचलणार २७०० किलोच्या आसपास. एरवी त्यात २८ जवान जातात, चिलखतवाले जेमतेम ७. हा सगळा हिशेब तुम्ही माझ्या वहीत मांडून दाखवलात, हातचे वगैरे घेऊन.

मी रॉकेटचं घोडं पुढे दामटत होते. १९७३ मध्ये सोव्हिएतांनी बीएमडी ही चिलखती गाडी आत माणसं बसवून छत्रीने खाली सोडली, आणि आत बसलेल्या दोघांत छत्रीधारी सैन्याचे प्रमुख जनरल मार्गेलॉव्ह यांचा सख्खा मुलगा होता, हे मी तुम्हाला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. पुढे १९७६ मध्ये जमिनीजवळ येताच वेग मारणारी रॉकेटंही त्यांनी वापरली. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत. ‘पोराला बसवलं, म्हंजे बापाचा इस्वास होता. तुझा हाय का तुझ्या रॉकेटवर?’

मग म्हणालात, ‘माणूस येगळा टाक, चिलखत येगळं.’

मला मे १९४१ ची क्रीट बेटावरची लढाई आठवली. जर्मन छत्रीधारींच्या रायफली वेगळ्या पेट्यांतून उतरत, आणि त्या पेट्यांपर्यंत पोहोचायच्या आतच कितीतरी जण मारले गेले. म्हणजे लष्कराच्या दृष्टीने ही पद्धत जिवावरची. पण खेळाच्या दृष्टीने? शेतात नुसत्या वर्दीवर उतरलेला जवान, त्याचं चिलखत तळ्याच्या पलीकडे, अंधार पडत आलेला, आणि मध्ये कोण आहे ते ठाऊक नाही! मी इतके दिवस यंत्र दुरुस्त करत बसले होते. खेळ तर त्या तळ्याच्या काठावर होता.

तरी हे पत्र त्याबद्दल नाही. हिशेब काय, आज ना उद्या दुसऱ्या कुणी करून दिला असता.

रविवारी तुम्ही आलात. चपला दाराबाहेर नीट जोडीने ठेवल्यात, चहा घेतलात, वीस बाजूंचा फासा बोटांत फिरवून ‘लई कोपरं हायती ह्याला’ म्हणालात. मी दिवे मालवले, डाकोटाच्या इंजिनांचा आवाज लावला आणि उडीसाठी फासे टाका म्हणून सांगितलं. तेव्हा तुम्ही ‘थांबा’ म्हणून उठलात. एकेकाच्या खुर्चीमागे जाऊन कॉलर ओढून पाहिलीत, खांद्यावरचा नसलेला पट्टा चाचपलात, पाठीवर थाप मारून पुढच्याकडे गेलात. खेळता खेळता रील्स बघणारा आमचा एक महाभागसुद्धा ताठ बसला होता. शेवटी तुम्ही माझे कागद झाकणाऱ्या पडद्याच्या अलीकडे, माझ्या मागे आलात. मी म्हटलं, ‘काका, मी गेममास्टर, मी उडी मारत नाही.’

‘इमानात हाईस न्हवं?’ म्हणालात, आणि माझाही पट्टा तपासलात.

इतकी वर्षं मी खेळ मांडते, फरसाण आणते, भांडणं सोडवते, सगळे गेल्यावर कप विसळते. कुणाच्या मनात कधी आलं नव्हतं, की ही पण विमानात आहे. मी पुढचं वर्णन वाचायला घेतलं तर आवाज फुटेना. सगळ्यांना वाटलं, काय अभिनय करते!

माणसं फार हुशार भेटतात हो हल्ली, ठाण्यात तर पैशाला पासरी. तुम्हाला आमच्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून तुम्ही विचारलंत. त्यांना सगळं कळत होतं, म्हणून त्यांनी काहीच विचारलं नाही. तुमच्यासारखी माणसं दुसऱ्याचा वेडेपणाही स्वतःच्या कामाइतक्याच शिस्तीने हाताळतात, आणि पुन्हा त्याचा गाजावाजा नाही. निघताना तर तुम्ही मलाच ‘बोलावलंस, बरं वाटलं’ म्हणालात.

तुमचं ते तपासणं मी आमच्या नियमांच्या वहीत घातलंय. यापुढे ते झाल्याशिवाय फासा टाकायचा नाही, आणि गेममास्टरला वगळायचं नाही. तुमची हरकत असेल तर सांगा, पण मी ऐकेनच असं नाही.

पुंगलीचा पूल अजून घ्यायचा आहे आणि तुमच्या हवालदाराचं चिलखत अर्धं गाळात आहे. येत्या रविवारी चार वाजता या. काकूंना सांगा, रात्रीचं जेवण आमच्याकडेच.

तुमची,
नौपाड्याची पोरगी