डिस्कचा हॉर्स, ड्रमचा ट्रेलर आणि नाकारलेली वॉरंटी

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : हॉर्स व ट्रेलरच्या ब्रेकमधील विसंगती आणि फेटाळलेला वॉरंटी दावा

महोदय,

मी कळंबोलीचा वाहनमालक असून चाकणहून न्हावा शेवा बंदरात भरलेले कंटेनर पोहोचवण्याचा माझा व्यवसाय आहे. गेल्या दिवाळीत आपल्या अधिकृत विक्रेत्याकडून मी दोन ॲक्सलचा हॉर्स (ट्रेलर ओढणारा पुढचा ट्रक) आणि तीन ॲक्सलचा ट्रेलर अशी जोडी घेतली. हॉर्सला डिस्क ब्रेक (चाकाबरोबर फिरणारी चकती पॅडमध्ये दाबणारे) आणि ट्रेलरला ड्रम ब्रेक (फिरणाऱ्या ड्रमला आतून लायनर दाबणारे) आहेत हे पाहून, बोरघाटाच्या उतारावर या दोन्हींचा मेळ बसेल का, असे मी तेव्हाच विचारले होते. ‘डिस्कमुळे गाडी उलट लवकर थांबेल, ट्रेलरची काळजी करू नका,’ असे मला सांगण्यात आले आणि त्या शब्दावर विसंबून मी पैसे भरले.

सात महिन्यांतच हॉर्सचे पॅड दुसऱ्यांदा संपले. गेल्या महिन्यात खंडाळ्याहून उतरताना ब्रेक धरेनासे झाल्याचे चालकाच्या लक्षात आले. त्याने आधीपासूनच खालचा गिअर आणि इंजिनाच्या धुराची वाट अडवून वेग रोखणारा एक्झॉस्ट ब्रेक लावलेला असल्यामुळे गाडी ताब्यात राहिली. खालापूर टोलनाक्याच्या पुढे त्याने ती बाजूला घेतली, तेव्हा ट्रेलरच्या चाकांतून लायनर जळाल्याचा धूर येत होता आणि हॉर्सच्या डिस्क तापून निळ्या पडल्या होत्या. त्या डिस्कवर आता तडे दिसतात. त्या दिवशी पुढे वाहनांची रांग असती तर काय झाले असते, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आपल्या वर्कशॉपने दुसऱ्या दिवशी लायनर व ड्रममधील अंतर जुळवणारे स्लॅक ॲडजस्टर तपासले, हवेच्या दाबाने ब्रेक लावणाऱ्या बूस्टरच्या दांड्याची चाल (तो किती पुढे येतो ते) मोजली, सर्व मर्यादेत असल्याचे लिहिले आणि ‘चालकाकडून ब्रेकचा अतिवापर’ असा शेरा मारून दावा नाकारला. माझी मुख्य हरकत या तपासणीलाच आहे, कारण ती रात्रभर उभ्या राहिलेल्या थंड गाडीची होती. ड्रम तापला की प्रसरण पावून लायनरपासून दूर जातो, त्यामुळे तेवढाच ब्रेक लावण्यासाठी बूस्टरच्या दांड्याला अधिक पुढे यावे लागते, आणि चाल फार वाढली की बूस्टरचा जोरही कमी पडतो. शिवाय तापलेल्या लायनरची पकड घटते ती वेगळीच. डिस्क तापल्यावर जाड होते, म्हणजे पॅडपासून दूर न जाता त्याच्याकडेच येते, आणि उघड्यावर असल्याने लवकर निवते. म्हणून लांब उतारावर ट्रेलरचे ब्रेक ढिले पडत जातात, चालक पेडल अधिक दाबतो आणि सगळा भार हॉर्सवर येतो. २०१८ च्या सुधारित मर्यादेनुसार माझ्या गाडीच्या ४५.५ टन एकूण वजनापैकी २७ टन ट्रेलरच्या तीन ॲक्सलवर असते. निम्म्याहून अधिक वजन ज्या चाकांवर आहे तीच चाके थांबवण्याच्या कामातून बाहेर पडत असतील, तर त्यात चालकाचा अतिवापर कोणता, हे आपण मला लेखी कळवावे.

ड्रम ब्रेक वाईट असतात असे माझे म्हणणे नाही. माझ्या दोन जुन्या गाड्या पूर्णपणे ड्रमवर याच घाटातून चालतात आणि त्यांचे लायनर कुठल्याही गावात मिळतात. अमेरिकेने २००९ साली भरलेल्या ट्रॅक्टरच्या, म्हणजे हॉर्सच्या, ताशी ६० मैलांवरून थांबण्याच्या अंतराची मर्यादा ३५५ फुटांवरून २५० फुटांवर आणली, तेव्हा कित्येक उत्पादकांनी मोठे ड्रम बसवूनही ती अट पाळली. माझी तक्रार दोन वेगळ्या स्वभावाचे ब्रेक एकत्र जोडून, घाटाच्या मार्गासाठी त्यांची सांगड न तपासता, ग्राहकाला निर्धास्त करण्याबद्दल आहे.

तरी हॉर्सच्या डिस्क व पॅड वॉरंटीत बदलून द्यावेत आणि शेऱ्यातून चालकावरील ठपका काढावा, कारण एकोणीस वर्षे बिनअपघात गाडी चालवणाऱ्या माणसाला तो फार लागला आहे. आपल्या अभियंत्याने भरलेल्या गाडीतून घाट उतरून, खाली आल्याबरोबर प्रत्येक चाकाचे तापमान आणि बूस्टरची चाल मोजावी. त्यात विसंगती आढळल्यास ट्रेलरला हॉर्सशी जुळणारे ब्रेक आपल्या खर्चाने बसवावेत.

खरेदीची पावती, दोन्ही वेळच्या पॅडबदलाची बिले, वर्कशॉपचा अहवाल आणि डिस्कची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. तोपर्यंत ही गाडी यार्डातच उभी राहील. हप्ते चालू असले तरी या अवस्थेत तिला घाटात पाठवण्याची माझी तयारी नाही.

आपला,
एक वाहनमालक, कळंबोली