बायच्या फोटोंची तिथी

एडिंबरा,
१२ एप्रिल

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

पदवीच्या फोटोंसाठीची तुझी यादी मिळाली. फुगे, रंगीत धुराच्या नळकांड्या, गाऊन, चौकोनी टोप्या आणि खाली ‘दादा, अजून काय आणू?’ दोन दिवस त्यावरच विचार करतोय. पदवीदान व्हायचं तेव्हा होईल, पण तुमच्या वर्गातली मुलं मे महिन्यातच पांगणार. म्हणून फोटो आधी काढताय हे बरंच करताय.

पहिल्यांदा वेळेचं सांगतो. आपला समुद्र पश्चिमेला, हे विसरून लोक संध्याकाळी समुद्राकडे पाठ करून उभे राहतात आणि मग तोंडं काळी आली म्हणून कुरकुरतात. ऊन पाठीमागून येणार, तर चेहरे काळेच येणार. पाण्याची लाट मागे हवी आणि चेहराही उजळ हवा, तर सकाळ बरी. मे महिन्यात सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, पण झाडाडोंगरावरून किनाऱ्यावर यायला त्याला वेळ लागतो. साडेसहा ते आठ धर. तेव्हा वाराही मतलई, जमिनीवरून येणारा आणि हलका. टोप्या डोक्यावर राहतील. दुपारनंतर खारे वारे सुटले की टोपी, पदर, केस काही म्हणजे काही जागेवर राहत नाही. धुराच्या नळकांड्या त्या वाऱ्यात लावल्या तर सगळा धूर तुमच्याच डोळ्यांत येईल. त्या आणू नको. फुगे तर नकोच. सुटलेला फुगा समुद्रात पडतो आणि कासवाच्या पोटात जातो, हे मी तुला सांगायला नको. शिरगावच्या फिशरीज कॉलेजात चार वर्षं तू हेच शिकलीस.

जागा रत्नागिरीतल्या भाट्याच्या किनाऱ्याची घे. मांडवीची वाळू काळी, त्यावर काळा गाऊन बुडून जातो. भाट्याला सुरूचं बन आहे, उन्हातून आल्यावर बसायला सावली होते. गाऊन शेवटपर्यंत पिशवीतच ठेव. मे महिन्याच्या घामात तो दहा मिनिटांच्या वर कुणालाच सोसत नाही. भाड्याचा असला तर खालची कड खाऱ्या पाण्याला लागू देऊ नको.

आता तिथी. बाबांनी आपल्याला शिकवलं होतं, आठवतं? तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे संध्याकाळी सहाला भरती. त्या दिवशी भाट्याला गेलात तर उभं राहायला जागा कमी मिळेल. प्रतिपदेला भरती दुपारी पाऊणला, म्हणजे सुकती, ओहोटी, सातच्या आसपास, सकाळी आणि संध्याकाळीसुद्धा. सूर्य मावळतो तेव्हाच पाणी लांब गेलेलं आणि ओली वाळू आरशासारखी. म्हणून बुद्धपौर्णिमेनंतरचे दोन दिवस मी तुझ्यासाठी काढून ठेवलेत, प्रतिपदा आणि द्वितीया. अर्धा-पाऊण तास मागेपुढे होईल, बाबांना विचारून पक्कं कर. आणि काही झालं तरी खाडीच्या तोंडाशी जायचं नाही. सुकतीला तिथे पाण्याची ओढ फार असते.

सकाळ मैत्रिणींसाठी. पण संध्याकाळ घरच्यांसाठी ठेव, बाय. आई पहाटे जेटीवर मासळीच्या लिलावाला जाते, तिला सकाळी बोलावलंस तर ती ‘तुम्हीच जा’ म्हणेल आणि घरी बसेल. संध्याकाळी ती मोकळी असते. १ जूनला मासेमारी बंद होते, त्याच्या आधी बाबांची धावपळ असणार, तेव्हा त्यांना आत्ताच सांगून ठेव. आईला ठेवणीतली साडी नेसायला लावू नको. ती बाजारात नेसते तीच नेसू दे. टोपली आणि चुंबळ घेऊन येऊ दे. साडेसहाला सगळ्यांनी समुद्राकडे तोंड करून उभं राहायचं आणि फोटो काढणाऱ्याने पाण्याकडे पाठ करायची. मावळतीचं ऊन आईच्या तोंडावर येईल, मागे सुरू आणि वर ओढलेल्या होड्या.

शेवटची दहा मिनिटं पागासाठी, हाताने फेकायच्या जाळ्यासाठी. तुमच्या पुस्तकात कास्ट नेट, आपल्या घरात पाग. टोप्या सगळेच उडवतात. तू बाबांना पाग टाकायला लाव आणि गाऊन घालून त्यांच्या शेजारी उभी राहा, घोट्याएवढ्या पाण्यात, कड हातात धरून. मोबाइलवाल्याने वाळूवर बसावं, म्हणजे जाळं आभाळावर उघडलेलं दिसेल आणि क्षितिजाची रेघ तुमच्या मानेवरून जाणार नाही. पडद्यावर आभाळाला बोट लावून उजेड कमी करायचा, तुम्ही दोघं काळ्या आकृती होता. पाग पूर्ण गोल उघडतो तो क्षण डोळ्याची पापणी लवते एवढाच, म्हणून बटण दाबून धरून एका दमात वीस-तीस फोटो घ्यावेत. दोन-तीन वेळा टाकायला लागेल. बाबा कंटाळणार नाहीत, बघ.

माझ्या वेळचं तुला कधी सांगितलं नाही. इथल्या विद्यापीठाच्या मॅकईवन हॉलमध्ये चौकोनी टोपी घालत नाहीत. पदवी देणारे एकच जुनी टोपी, तिला जिनिव्हा बॉनेट म्हणतात, प्रत्येकाच्या डोक्याला टेकवतात. नोव्हेंबरचा शेवट होता. बाहेर आलो तर पावणेचारलाच सूर्य मावळलेला. भाड्याचा गाऊन संध्याकाळपर्यंत परत द्यायचा होता. एका अनोळखी माणसाच्या हातात मोबाइल दिला, त्याने दोन फोटो काढले, त्यातलाच एक आपल्या दिवाणखान्यात टांगलाय. बाबांनी निघताना माझ्या बॅगेत जाळं विणायची सुई घातली होती. ती त्या दिवशी खिशात घालून न्यायची असं ठरवलं होतं. सकाळी वाटलं, इथे कोण काय म्हणेल, आणि ती खोलीतच ठेवली. त्या फोटोत आपल्या घरातलं काहीच नाही, बाय. आई तो रोज पुसते, म्हणून मला आणखीच लागतं.

ती सुई इथल्या एका मित्राबरोबर पाठवतोय, तो मेच्या आधी रत्नागिरीत येईल. पाग टाकून झाला की बाबांच्या हातात दे आणि एक फोटो तसाच काढ.

तिकडे सात म्हणजे इथे दुपारचे अडीच. दोन्ही दिवस मी अर्ध्या दिवसाची रजा टाकलीय. व्हिडिओ कॉल लावून मोबाइल होडीच्या फळीला टेकवून ठेव, आई दिसेल असा.

आई-बाबांना नमस्कार.

तुझा,
दादा