डोळ्यांना जप गो

बाय,

काल बोलता बोलता तू सांगून गेलीस की चष्म्याचा नंबर वाढला आणि डॉक्टरांनी रात्रीचा मोबाईल बंद करायला सांगितलाय. फोनवर मी काही बोलले नाही, पण रात्रभर तेच डोक्यात. दिवसभर ऑफिसात लॅपटॉप आणि मग बारा-बारापर्यंत संस्कृतचे व्हिडिओ, डोळे काय करतील? तू संस्कृत शिकतेस ह्याचा आनंद मला किती, ते बाबांना विचार, म्हार्दोळला देवळात जो भेटेल त्याला सांगत सुटते.

पण ती सगळी अ‍ॅप काढून टाक आणि एकच पुस्तक धर. भांडारकरांची मार्गोपदेशिका बघ, जुनी आहे, इंग्रजीतून आहे, पण धडे छोटे, थोडं व्याकरण की लगेच वाक्यं. रोमन लिपीतली पुस्तकं तर नकोच, आपल्याला देवनागरी येते, कितीतरी शब्द ओळखीचे. वहीत हाताने लिही. कोश आपट्यांचा, तोही छापील घे. ऑनलाइन मिळतो ते माहीत आहे मला, पण डोळे!

बोलायला यायचं तर संस्कृत भारतीचं संभाषण शिबिर कर. दहा दिवस, रोज दोन तास, पहिल्या दिवसापासून संस्कृतातच बोलतात, पुस्तक लागत नाही की स्क्रीन. आकाशवाणीच्या संस्कृत बातम्या १९७४ पासून आहेत, पाचच मिनिटांच्या, त्या डोळे मिटून ऐक. आधी काही कळणार नाही, क्रियापदं तेवढी पकड.

आजोबांनी आम्हाला पुस्तक दाखवलंच नाही गो. पावसात लाईट गेली की ओसरीवर बसून रामः रामौ रामाः, आणि आम्ही मागून. तृतीया, चतुर्थी, पंचमी, तिन्हीकडे द्विवचन रामाभ्याम्, तिथे दादा हमखास हरवायचा, की परत प्रथमेपासून सुरू. मला अजून झोपेतून उठवलंस तरी येतं. तूही बसमध्ये म्हण, रांगेत म्हण, त्याला उजेड लागत नाही.

बघ, लेक्चर झालं, सॉरी. तू मोठी आहेस, कळतं तुला. पण बौद्ध धर्माचे पंडित धर्मानंद कोसंबी आपल्या गोव्यातल्या साखवाळचे, १८९९ मध्ये संस्कृतसाठी घर सोडून पुण्याला गेले, तिथून ग्वाल्हेर, काशी, काशीत अन्नछत्रात जेवून शिकले. लोक त्यांच्या जिद्दीचं सांगतात, मला मात्र घरच्यांचं काय झालं असेल तेच आठवतं. तूही पुण्यालाच. जेवतेस ना वेळेवर? आणि चष्मा नवीन केलास की अजून जुनाच?

शेजारच्या काकांचा मुलगा शनिवारी येतोय, त्याच्याकडे आजोबांची शब्दरूपावली देते, अक्षर मोठं आहे, आणि सोलांही, म्हणजे आमसुलं. रविवारी फोन केलास की राम नको, तो झाला, नदी म्हणून दाखव. बाबापण ऐकणार आहेत.

आई