आजींच्या घराबद्दल, विनायकास

गेरेइरुश दु रिउ,
आल्कोतीं तालुका, पोर्तुगाल

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

आम्ही दोघेही ठीक आहोत. नीताचा गुडघा थंडीत दुखतो, एवढेच. वहिनींच्या डोळ्याचे ऑपरेशन चांगले झाल्याचे ताईने कळवले. त्यांना विश्रांती घ्यायला लाव. हे पत्र मात्र दुसऱ्याच कारणासाठी लिहितो आहे. ते फोनवर सांगता आले नसते, कारण फोनवर तू मला तिसऱ्या वाक्यापुढे जाऊ देत नाहीस.

शेजारच्या आजी वृद्धाश्रमात राहायला गेल्या. पायऱ्या चढणे त्यांना जमेनासे झाले होते, आणि या गावातले घर म्हणजे पायऱ्या आल्याच. निघताना त्यांनी घराची किल्ली नीताच्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "हे घर तुम्हीच घ्या. पडू देऊ नका." तेव्हापासून मला दुसरे काही सुचत नाही.

आधी घर कसे आहे ते सांगतो, म्हणजे तुझे पुढचे प्रश्न वाचतील. भिंती इथल्याच डोंगरातल्या थरांच्या दगडाच्या आहेत, मातीत रचलेल्या आणि वरून चुन्याने पांढऱ्या केलेल्या. दाराभोवती निळा पट्टा आहे. छपराला लाकडी वासे, त्यांवर बांधलेला बोरू आणि त्यावर कौले. मागे पाव भाजायची घुमटाकार भट्टी, एक अंजीर आणि संत्र्याची दोन झाडे. समोर रस्ता, आणि रस्त्यापलीकडे ग्वादियाना. तिला इथे सगळे नदी म्हणतात, पण तू पाहिलीस तर खाडीच म्हणशील, कारण समुद्राची भरती मुखापासून सुमारे ७० किलोमीटर आत, पार मेर्तोलापर्यंत चढते आणि आमच्या दारावरून दिवसातून दोनदा वर जाते आणि दोनदा परत येते. पाण्यात बोय आहे, वाम आहे, आणि आपल्या पाला माशाचा एक भाऊबंदही आहे. आपल्या गावी, फुणगूसला, खाडीच्या धक्क्यावर बसून आपण ओहोटीच्या चिखलाचा जो वास घेत असू, तो इथे पहिल्याच संध्याकाळी आला आणि नीताला मी तेव्हाच सांगितले की आपण इथे राहू.

पलीकडचा काठ स्पेनचा आहे आणि तिथले घड्याळ एक तास पुढे आहे. आल्कोतींहून समोरच्या सानलूकारला लहान होडी जाते. परत मात्र हवेतूनही येता येते, कारण सानलूकारच्या टेकडीवरून आल्कोतींच्या काठापर्यंत तारेवरून घसरत यायची सोय आहे. तिकडून दहाला निघालेला माणूस इकडे नऊ वाजून एका मिनिटाने पोहोचतो. तुझ्यासारख्या नेहमी उशिरा येणाऱ्या माणसाने पोर्तुगालला हाच रस्ता धरावा. या दोन काठांनी एकमेकांवर किल्ले रोखले, १३७१ मध्ये आल्कोतींला दोन राजांनी तह केला (त्या तहात पोर्तुगालच्या फेर्नांदूने कास्तीलच्या राजकन्येशी लग्नाचे वचन दिले आणि नंतर दुसरीशीच लग्न केले), आणि तरी रात्री होड्या जातच राहिल्या. स्पेनच्या यादवीनंतर तिकडे खायची भ्रांत होती, तेव्हा इथून कॉफी पलीकडे जायची. आजींचे यजमान त्यातलेच. काठाकाठाने सीमारक्षकांच्या चौक्या होत्या. वल्ह्याचा आवाज होऊ नये म्हणून त्याला चिंधी गुंडाळत, असे आजी सांगायच्या. आता मार्चमध्ये आल्कोतींला त्या तस्करीचाच उत्सव भरतो आणि दोन देशांमध्ये तरंगता पूल टाकतात. आजी त्याला कधी गेल्या नाहीत. ज्याची धास्ती घेऊन रात्री काढल्या, त्याची जत्रा बघायला कशी जाऊ, असे त्या म्हणत, आणि मला ते पटते.

गाव मात्र रिकामे होते आहे. २०११ च्या जनगणनेत सबंध तालुक्यात २,९१७ माणसे होती, २०२१ मध्ये २,५२३ उरली, आणि तालुका आहे ५७५ चौरस किलोमीटरांचा. आमच्या गावातल्या शाळेचे नदीसंग्रहालय झाले आहे. होड्यांचे नमुने, जाळी, वामी धरायचे सापळे तिथे फार आस्थेने मांडले आहेत, आणि तरी त्या खोलीत गेलो की मला बाकांची जागा दिसते. पाववाल्याची गाडी भोंगा वाजवत येते, मासेवाल्याचीही येते. भोंगा ऐकून उघडणारी दारे कमी होत चालली आहेत. बंद घराचे काय होते ते तुला मी सांगायला नको. आधी एखादे कौल सरकते, मग बोरू कुजतो, मग भिंतीतली माती पावसाबरोबर वाहू लागते, आणि एका हिवाळ्यात वासे खाली येतात. आपल्याकडे चिऱ्याची भिंत निदान छपरानंतर काही वर्षे उभी राहते.

तुला आता आपले जुने भांडण आठवले असेल. त्या गणपतीत पडवीत सगळ्यांसमोर तू म्हणाला होतास, "जो शाकारणीला येत नाही, त्याने ओसरीवर हक्क सांगू नये," आणि मी ताट तसेच ठेवून उठलो होतो, आणि आपण शिमग्यापर्यंत बोललो नव्हतो. ते वाक्य मला आजही पटत नाही. घराशी माणसाचे नाते केवळ कौले परतण्याचे नसते, हे मी तेव्हाही म्हणालो आणि आताही म्हणतो. पण इथे उन्हाळ्याआधी घराला चुना लावण्याची रीत आहे, गेल्या वर्षी आजींच्या भिंतीला तो मी लावला, आणि त्यांच्या मुलांपैकी कोणी आले नव्हते. म्हणून तुझे ते वाक्य घेऊन मी आजकाल तुझ्याच बाजूने स्वतःशी भांडतो. फुणगूसचे घर कुलपात ठेवून ग्वादियानाच्या काठी दुसऱ्याचे घर उभे ठेवायचे, हे योग्य आहे का? दादा म्हणतो, इकडचे आधी निस्तर. आमच्या मुलीने स्पष्ट सांगितले आहे की आमच्यानंतर ती इथे राहायला येणार नाही. म्हणजे आम्ही घर घेतले तरी वाचवले असे होईल, की कुलूप फक्त पुढे ढकलले असे होईल?

तरीही हे सगळे मी नीताशी बोलून सोडवले असते. पत्र तुलाच लिहायला लागले ते वारसांमुळे.

घर अजून आजींच्या सासऱ्यांच्या नावावर आहे. वाटणी कधी झालीच नाही. इथल्या कायद्याने वाटणी न झालेले घर विकायचे तर सगळ्या वारसांच्या सह्या लागतात, म्हणजे आपल्या सामायिक सातबाऱ्याचीच कथा. एक मुलगा फ्रान्सला, एक मुलगी लिस्बनजवळ, आणि तिथेच आजींचे दीर. मुले तयार आहेत. सही राहिली आहे ती दिरांची.

हे दीर १९६१ च्या डिसेंबरात गोव्यात शिपाई होते. पकडले गेले, काही महिने कैदेत राहिले आणि १९६२ मध्ये परतले. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा हुकूम दिला होता. शरण आले म्हणून त्यांच्या गव्हर्नर जनरलला १९६३ मध्ये सैन्यातून काढून टाकले, आणि साध्या शिपायांच्या वाट्यालाही बदनामीच आली. आजी सांगतात की गावात आल्यावर ते कित्येक महिने नदीकडे तोंड करून बसत आणि गोव्याचे नाव कोणी काढले की उठून जात. त्यांना आता कळले आहे की घर घेणारा माणूस हिंदुस्थानातला आहे. त्यांनी फोनवर एवढेच विचारले की तो नेमका कुठला, आणि कोकणातला, गोव्याच्या वरच्या अंगाचा, हे ऐकल्यावर म्हणाले की ईस्टरला मी येतो, त्याला पाहतो, मग सहीचे बघू.

विनायक, मला ते शब्द ऐकल्यापासून नाना दिसतात. १९५५ च्या सत्याग्रहात पोर्तुगीज पोलिसांनी मोडलेला त्यांचा तो खांदा, आंघोळीला बसले की दिसणारा, आणि तू व मी विहिरीवरून पाणी आणून घालायचो ते. नाना असते तर मी त्यांच्यासमोर हा विषय काढू शकलो असतो का, हे मला ठरवता येत नाही. कधी वाटते, त्यांनी पोथी बाजूला ठेवून आधी त्या शिपायाचे वय विचारले असते आणि मग म्हणाले असते की पोरगेच होते ते. कधी वाटते, उठून आत गेले असते. तू त्यांचा मुलगा आहेस. मी त्या घरात जेवलो, वाढलो, पण तुला जे ठाऊक आहे ते मला ठाऊक नाही.

त्या म्हाताऱ्या गृहस्थांसमोर बसून नानांविषयी काही न बोलता सही घ्यायची, हे मला लबाडीचे वाटते. आणि नानांची गोष्ट सांगायची तर ती माझी नाही, तुझी आहे. घर मिळावे म्हणून मी ती खर्च करावी हेही बरे नाही. तेव्हा तुझी परवानगी हवी. सांगू का? आणि सांगायचे तर काय सांगू आणि काय वगळू, तेही लिही. तू नको म्हणालास तर मी गप्प राहीन, आणि मग हे घर मागायचे की नाही याचाही पुन्हा विचार करीन.

आपल्या सोन्याला नोकरी लागल्याचे कळले, फार आनंद झाला. माईंच्या वर्षश्राद्धाला दादाकडून पैसे पोहोचले असतील. आंबा यंदा कसा आहे?

ईस्टर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आहे. टपालावर विसंबू नकोस, हाताने लिही आणि कागदाचा फोटो पाठव, पण त्याआधी पाठव.

तुझा,
श्रीधर