आधी बेळगावचा कागद, मग पुण्याचा पत्ता

खानापूर,
१५ जून २०२५

चि. सई हिस आप्पांचे अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, १ ऑगस्टला तू पुण्यात रुजू होणार आणि त्याआधीच आधारवरचा पत्ता बदलून घेणार, असं आई म्हणाली. थांब. आधी ट्रान्सजेंडर ओळख प्रमाणपत्राचा अर्ज टाक, तोही बेळगाव जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे. २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती कायद्याखालच्या २०२० च्या नियमांप्रमाणे अर्जाच्या दिवशी सलग बारा महिने जिथे राहणं झालं, तो आपला जिल्हा. पुण्यात गेल्यावर बघू म्हणशील तर वर्षभर ना इकडची ना तिकडची होशील. रहिवासासाठी प्रतिज्ञापत्र पुरतं, तलाठ्याच्या दाखल्यामागे पळू नको. प्रमाणपत्र तीस दिवसांत द्यायचं असतं, म्हणजे आज-उद्या अर्ज गेला तर जुलैत हातात पडावं. नाकारलं तर नव्वद दिवसांत अपील करता येतं. कारण मात्र लेखी माग.

अर्ज केंद्र सरकारच्या पोर्टलवर भरायचा, कचेरीत खेटे नकोत. प्रतिज्ञापत्राचा मजकूर नियमांतच छापलेला आहे, तो अक्षरशः तसाच टाइप करून घे. कोर्टासमोरचा टायपिस्ट सवयीने नाव बदलल्याचं प्रतिज्ञापत्र काढून देईल. ते वेगळं, इथे चालत नाही. २०२० च्या नियमांप्रमाणे या पहिल्या प्रमाणपत्राला शरीर तपासणी, डॉक्टरचा दाखला यातलं काही लागत नाही. आपण कोण हे ज्याचं त्याने सांगायचं, हे सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ लाच मान्य केलंय.

आता नाव. सीमाभागातल्या माणसाची निम्मी कामं नावापाशीच अडतात. शाळेचा दाखला मराठीत, रेशनकार्ड कन्नडात, आधार इंग्रजीत. कुठे आडनाव आधी, कुठे नुसती आद्याक्षरं. ‘सई’ इंग्रजीत एस-ए-आय लिहिलंस तर कन्नड टायपिस्ट डोळे झाकून ‘साई’ करणार, आणि साई म्हणजे मुलगाच वाटतो. शेवटी दोन ई घाल, एस-ए-ई-ई, आणि तेच सगळीकडे. कायद्याने पहिलं नाव बदलायचा हक्क दिलाय, म्हणून आडनावाच्या स्पेलिंगला याच अर्जात हात लावू नको.

स्पेलिंगचा एवढा घोळ घालतोय कारण आधारमध्ये नाव दोनदाच आणि लिंग एकदाच बदलता येतं. पहिल्या प्रमाणपत्रावर ‘ट्रान्सजेंडर’ येतं. ‘स्त्री’ हवं तर सुधारित प्रमाणपत्र लागतं, त्याला हॉस्पिटलच्या वैद्यकीय अधीक्षकाचा किंवा मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला जोडायचा. कायद्यात ‘शस्त्रक्रिया’ म्हटलंय, नियमांत ‘वैद्यकीय उपचार’. कचेरी आपल्याला सोयीचा शब्द धरते. मग आधारमधली ती एक संधी आत्ता वापरायची की राखून ठेवायची? माझं मत, आत्ताच वापर. पगार आणि पीएफ जुन्या नावावर सुरू झाला की पुढे जास्त त्रास. नंतरचा बदल अपवाद म्हणून आधारच्या विभागीय कार्यालयाकडे मागता येतो, वेळ लागतो इतकंच.

प्रमाणपत्र आलं की आधी आधार, मग पॅन, मग बँक, शेवटी पीएफ. क्रम मोडलास तर पॅन-आधार जुळत नाही आणि सगळं तिथेच अडतं. एसएसएलसीच्या (इथल्या दहावीच्या) गुणपत्रिकेचा अर्ज शाळेमार्फत मी इथून लावतो. जन्मनोंद खानापूरची असल्याने कर्नाटक उच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२४ चा आदेश तुला लागू आहे: निबंधकाने सुधारित दाखला द्यायचा, पण त्यावर जुनं आणि नवं, दोन्ही नावं येतात. म्हणून तो दाखला ऊठसूट कुणाला दाखवू नको. तुझ्या मैत्रिणीची नोंद आजोळी चंदगडला झाली असेल तर तिला महाराष्ट्रातल्या निबंधकाकडे २०१९ चा कायदा घेऊन जावं लागेल.

पत्ता पुण्याचा झाला की कर्नाटकच्या शक्ती योजनेचं शून्य तिकीट, म्हणजे सरकारी बसचा फुकट प्रवास, गेला, हेही धर. इथल्या राज्य सरकारी भरतीतलं एक टक्का आरक्षण मनात असेल तर पत्ता बदलण्याआधी दोनदा विचार कर.

काकू सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगराचं, देवीला सोडून जोगता होण्याचं काढतील. वाद घालू नको. कायद्याच्या व्याख्येत ‘जोगता’ हा शब्दच आहे, त्या लोकांना हेच प्रमाणपत्र मिळतं. पण ते मिळवायला कुणी देवीची परडी घ्यावी लागत नाही.

हार्मोनच्या गोळ्यांबद्दल कडक बोलतो. ओळखीतल्या कुणी सुचवल्या म्हणून मेडिकलमधून कुटुंबनियोजनाच्या गोळ्या आणून घ्यायच्या नाहीत. त्यांतल्या इस्ट्रोजेनने रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो, त्यात सिगारेट असेल तर आणखीच. निपाणीच्या तंबाखूने आपल्या भागाला पोसलं असेल, तुला त्याची गरज नाही. एंडोक्रायनॉलॉजिस्टकडेच, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरकडेच जा. स्पायरोनोलॅक्टोन (पुरुषी हार्मोन रोखणारं औषध) दिलं तर पोटॅशियम आणि किडनीची रक्ततपासणी चुकवू नको, शहाळ्याचं पाणी रोज पिऊ नको. पुढे कधी मूल हवंसं वाटलं तर वीर्य साठवायचं ते हार्मोन सुरू करण्याआधी.

आत्याच्या घरचे तू ‘बेपत्ता’ आहेस म्हणून तक्रार देतील, ही भीती मलाही आहे. तसं झालं तर लपू नको. वकील घेऊन जवळच्या ठाण्यात जा, ‘मी सज्ञान आहे, स्वखुशीने राहते’ असा जबाब दे आणि प्रत माग. वकील नसेल तर १५१०० वर विधी सेवा प्राधिकरण फुकट देतं. मन खचलं तर टेलि-मानसचा १४४१६, मराठीतही बोलतात. माणसांत बसावंसं वाटलं तर मुंबईला हमसफर ट्रस्ट, बेंगळुरूला संगमा. तुला ‘बरं’ करून देतो म्हणणाऱ्या डॉक्टरकडे पाऊलही टाकू नको; राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये तो प्रकार व्यावसायिक गैरवर्तन ठरवलाय.

अर्ज भरलास की येणारा क्रमांक मला कळव. कचेरीतून कन्नडात काही आलं तर फोटो पाठव, त्याच रात्री मराठी करून देतो.

तुझे,
आप्पा